भोपाळच्या आदल्या दिवशी

शामराव जगदाळ्यांना झुमारा या यंत्रात काडीचाही रस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या यंत्रापायी त्यांनी पुढे जे काही केलं ते पाहून कोणालाही वाटावं की हा माणूस लहानपणापासून व्हिडिओ गेमच्या नादी लागलेला असणार. तसं अजिबात नव्हतं. कन्सोल टीव्हीला जोडायचा, कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा आणि पडद्यावरच्या माणसाला भिंतींवरून उड्या मारायला लावायच्या, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांचा माणूस दर वेळी पहिल्याच भिंतीवर आपटून मरत असे. त्यांना रस होता तो तारखेत. झुमारा इंदूरला कधी येणार, आणि मुख्य म्हणजे भोपाळला कधी येणार, यात.

भोपाळला त्यांचा साडू राहत होता. यशवर्धन शितोळे, म्हणजे अंबिकाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, बेबीचा नवरा. आता साडू असणं हा काही गुन्हा नाही. पण यशवर्धनरावांच्या डोक्यावर दाट केस होते, त्यांच्या बाल्कनीतून तलाव दिसत होता आणि सासूबाई त्यांच्या ताटात न विचारता दुसरी पुरणपोळी वाढत. शामरावांना त्या "आणखी घेणार का?" असं विचारत. यातला फरक बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, जावयाला बरोबर कळतो. वर आणखी दोघंही एकाच कंपनीत होते. परदेशी इलेक्ट्रॉनिक माल आणून देशभरच्या दुकानांत पोचवणं हा कंपनीचा धंदा. शामराव इंदूरचे एरिया मॅनेजर, यशवर्धनराव भोपाळचे. आणि यशवर्धनरावांना तिथे चिकटवलं होतं खुद्द शामरावांनीच, कारण बेबीच्या लग्नानंतर अंबिकाबाई रोज सकाळी चहाबरोबर तोच विषय समोर ठेवत.

त्यात कंपनीने नवीनच टूम काढली. साऱ्या मध्यप्रदेशाला एक झोनल हेड नेमायचा, आणि झुमाराचा लॉन्च ज्याचा चांगला होईल त्याला ती खुर्ची द्यायची. उमेदवार दोनच. म्हणजे एक साडू साहेब होणार आणि दुसरा त्याच्या हाताखाली. रजा हवी तर साडूला मेल लिहायची. आजारी पडलो तर साडूला पटवून द्यायचं. दिवाळीत सासुरवाडीला साहेबाच्या शेजारी पाट मांडून बसायचं. शामरावांनी या चित्रावर पुष्कळ विचार केला आणि जेवणावरची वासना उडाल्यामुळे ते थोडे बारीकही झाले. अंबिकाबाईंना वाटलं, चालायला जातात त्याचा परिणाम.

बंगलोरहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा पडद्यावर देशाचा नकाशा होता आणि तो निरनिराळ्या रंगांनी रंगवलेला होता. बोलत होती रुची. ती हेड ऑफिसात लॉन्चच्या तारखा ठरवायची. वयाने शामरावांच्या मुलीएवढी असेल, पण कुठल्या शहराला कधी काय मिळावं हे ठरवण्याचा अधिकार तिच्या हातात असल्यामुळे तिच्यासमोर मोठमोठे मॅनेजर शाळेतल्यासारखे हात वर करून बोलत.

"स्टॉक कम है, इसलिए फेज़वाइज़ जाएँगे," रुची म्हणाली. मुंबई, दिल्ली, बंगलोर पहिल्या फेजमध्ये. पुणे, हैदराबाद वगैरे दुसऱ्या. मध्यप्रदेश तिसऱ्या. इथपर्यंत शामरावांनी मन मोठं ठेवलं. मुंबई पुढे गेली तर जाऊ दे, मुंबईत त्यांचा साडू नव्हता. "और एम.पी. में पहले भोपाल. कॅपिटल है ना. यशवर्धनजी ने घटस्थापना का दिन सजेस्ट किया है, फेस्टिव्ह है, अच्छा है. इंदौर उसके एक हफ़्ते बाद."

पडद्यावरच्या एका चौकोनात यशवर्धनराव मंद हसत बसले होते. मागे तलाव होता. तो मुद्दाम दिसेल असाच कॅमेरा लावलेला होता, याबद्दल शामरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"मॅडम," शामरावांनी माइक सुरू केला, "राजधानी होना अलग बात है, बाज़ार होना अलग बात है. भोपालवाले बेटी की शादी की साड़ी लेने इंदौर आते हैं."

"शामराव, साडी आणि गेमिंग कन्सोल एक बात नाही ना," यशवर्धनराव मराठीत म्हणाले, जणू घरातली गोष्ट घरात ठेवायची होती.

शामराव पेटले. जगदाळ्यांचे मूळ पुरुष होळकरांच्या फौजेत होते. तिथे ते नेमकं काय करत याबद्दल घराण्यात दोन मतं आहेत. काहीजण त्यांना शिलेदार म्हणतात आणि काहीजण म्हणतात की ते घोड्यांच्या चंदीवर देखरेख करत. पण होळकरांचा माणूस भोपाळच्या मागे उभा राहिल्याचं कोणत्याच मतात नाही. शामरावांनी रुचीला अर्धा इतिहास आणि अर्धा बाजार असं मिश्रण ऐकवलं. भोपाळला माल आधी आला तर इंदूरचे शौकीन भोपाळला जातील. बेटम्याचे, हातोदचे लोक खरेदीला इंदूरला येतात, ते हात हलवत परत जातील. माळव्याचं नाक कापलं जाईल. नाकाचा मुद्दा रुचीने टिपून घेतला नाही, पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याचा घेतला.

"ठीक है, तो दोनों सेम डे कर दें? घटस्थापना?"

कोणत्याही शहाण्या माणसाने इथे हो म्हटलं असतं. नवरात्राचा पहिला दिवस, साडेतीन मुहूर्तांतला नसला तरी त्यांच्या पंक्तीला बसण्याजोगा. पण बरोबर म्हणजे साडूच्या बरोबर, आणि बरोबरीत शामरावांना काय सुख?

"नहीं मॅडम. पहले."

"कितना पहले?"

"एक दिन भी चलेगा."

"डन. भोपाल से एक दिन पहले. लॉक कर रही हूँ." आणि तिने ते लॉक केलं.

यशवर्धनरावांनी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि फार गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन, शामराव." जळला बेटा, असं शामरावांना वाटलं आणि त्या रात्री ते पोटभर जेवले.

यानंतर सगळं इतकं सुरळीत होत गेलं की तिथेच त्यांना संशय यायला हवा होता. मत्सराने माणूस आंधळा होतो असं नाही, तो एकाच दिशेला फार बारीक बघतो. शामराव फक्त भोपाळकडे बघत होते. लॉन्च व्हायचा होता जेलरोडवरच्या संजीवभियांच्या दुकानासमोर. तारीख ऐकून संजीवभियांनी हातातलं बिलबुक मिटलं.

"भिया, डेट पक्की है? एक बार सोच लो."

"पक्की! भोपाल से पहले!"

"हाँ, भोपाल से पहले तो है," संजीवभिया म्हणाले आणि दुकानातल्या देवाकडे बघत राहिले.

मंडपवाल्याकडे गेले तर मंडप मोकळा. एरवी त्या हंगामात त्याचे पाय धरावे लागत. ढोलवाले मोकळे. माइकवर बोलणारी मुलगी मोकळी. सियागंजच्या बाजारात झालरी आणि फिती घ्यायला गेले तर दुकानदाराने गादीवरून उठून स्वतः माल काढून दिला, म्हणाला, "इन दिनों कोई आता ही नहीं, भिया." आपलं नशीबच जोरावर आहे, असं शामरावांनी मनाशी धरलं. अडला फक्त हलवाई. त्याला समोशांची ऑर्डर द्यायला गेले तर तो म्हणाला, "उस दिन तो खीर में लगे रहेंगे, साहब, दम मारने की फुर्सत नहीं." एवढी खीर कोणाला लागते, हा प्रश्न शामरावांच्या मनात आला होता. पण तेवढ्यात भोपाळच्या मंडपाचा फोटो मोबाइलवर आला आणि खीर मागे पडली.

रस्त्यावर मंडप घालायचा म्हणजे परवानगी लागते. तिथे चपला झिजवायची तयारी ठेवूनच शामराव गेले. कचेरीतल्या बाबूंनी तारीख वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग शेजारच्या टेबलावरच्या बाबूंना बोलावून त्यांनाही ती दाखवली. त्या दिवसासाठी साऱ्या शहरातून दुसरा अर्जच नव्हता. अडचण निघाली ती "प्रयोजन" या रकान्यात. शामरावांनी तिथे "खेल" असं लिहिलं होतं.

"खेल है तो मैदान में करो. रोड पे कायका खेल?"

"वो टीवी पे खेलते हैं."

"तो घर में करो."

यावर बराच वेळ ऊहापोह झाला. व्यापार लिहिलं तर आणखी एका खात्याची सही लागत होती, मनोरंजन लिहिलं तर दोन. शेवटी बाबूंनाच दया आली. "देखो भिया, उस दिन के हिसाब से धार्मिक लिख दो. कोई नहीं पूछेगा." शामरावांनी धार्मिक लिहिलं आणि शिक्का बसला. त्या दिवसाच्या हिशेबाने म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. बाबूंनी चहा मात्र पाजला, आणि पाजताना त्यांच्याकडे ते जरा हळहळून बघत होते.

घरी येऊन शामरावांनी अंबिकाबाईंना सगळा थाट वर्णन करून सांगितला. त्या शिंकाळी पुसत होत्या.

"ते सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी असाल ना?"

"अगं, लॉन्च आहे दुपारी!"

"लॉन्च असो की आणखी काही. सर्वपित्री आहे. मामंजींना पान कोण वाढणार? मी?"

शामरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. ते मागच्याच महिन्यावर थांबलेलं होतं. घटस्थापना जिथे असायची तिथेच होती आणि तिच्या आदल्या चौकोनात काळा वाटोळा चंद्र होता. सर्वपित्री अमावस्या. ज्या पंधरवड्यात इंदूरचा माणूस घरात नवी केरसुणी आणत नाही, त्या पंधरवड्याचा शेवटचा आणि सगळ्यात जड दिवस शामरावांनी भांडून, इतिहासाचे दाखले देऊन, हेड ऑफिसकडून मागून घेतला होता.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुमच्या कंपनीत चालत असेल. कंपनी परदेशी आहे ना."

"आणि कोणाला माहीत आहे?"

अंबिकाबाईंनी शिंकाळं खाली ठेवलं. "बेबीचा फोन आला होता. यशवर्धनराव त्या दिवसापासून मधूनच हसतात म्हणे. जेवताना सुद्धा ठसका लागला."

शामरावांना हे सगळ्यात जास्त झोंबलं. अमावस्येचं इतकं नाही. रुचीला फोन करून तारीख बदलून घेता आली असती, पण बदलून मिळाली असती ती भोपाळच्या नंतरचीच, आणि बदलण्याचं कारण सांगताना यशवर्धनराव त्या चौकोनात बसून हसले असते. त्यांनी तीन वेळा मेसेज लिहिला आणि तिन्ही वेळा पुसला. मोडेन पण सरकणार नाही, असं ठरवून ते शेजारी अप्पासाहेबांकडे सल्ल्याला गेले.

अप्पासाहेब सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते आणि लोकमान्य नगरात सल्ल्याचा पुरवठा त्यांच्याकडूनच होत असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाय वर घेतले आणि सांगितलं की शास्त्रात सोनं, कापड आणि वाहन यांना बंदी आहे. "कन्सोलचं नाव कुठेच नाही. ऋषींना मालूमच नव्हता, तर मना कसा करतील?" शामरावांना हा मुद्दा पटला, पण तो गिऱ्हाइकांच्या आयांना कसा पटवायचा हे अप्पासाहेबांना सांगता येईना. मग त्यांनी दुसरा सल्ला काढला: यंत्र पितरांच्या नावाने दान म्हणून विकत घ्यायचं आणि घरातल्याच मुलाला द्यायचं. त्यात पुण्यही घरात राहतं. शेवटी ते डोळे मिटून म्हणाले, "हे यंत्र बनतं कुठे? जपानकडे ना? मग झालं! तिकडे आपल्या आधी सूर्य उगवतो. तुमची अमावस्या चालू असते तोवर तिकडे प्रतिपदा लागून गेलेली असते. तू बोर्डच लाव की लॉन्च जपानच्या टाइमने आहे."

शामरावांनी तिथूनच दुकानात फोन लावला. संजीवभियांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भिया, जपान में लग गई होगी. पर मेरी अम्मा तो इधर रेती है."

अमावस्या उजाडली. अंबिकाबाईंनी खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं केलं. पान घेऊन शामराव गच्चीवर गेले. खिशात फोन, पायात लॉन्चचे नवे मोजे. कावळा घासाला शिवला की जेवण, जेवण झालं की लॉन्च, असा बेत होता. पण त्या दिवशी कावळ्यांना साऱ्या शहरातून आमंत्रणं. ते भरल्या पोटी टाक्यांवर बसून आळस देत होते. एक आला, पानाकडे तिरकं बघितलं आणि शेजारच्या टाकीवर जाऊन बसला. खिशात संजीवभियांचा फोन वाजत राहिला.

"मामंजींच्या मनात काही राहिलं असेल," अंबिकाबाई म्हणाल्या. "काहीतरी कबूल करा."

शामरावांनी हात जोडले. आबा, गच्चीची गळती यंदा काढतो. कावळा ढिम्म. आबा, तुमच्या नातीचं, शिवांगीचं लग्न थाटात करतो. कावळ्याने चोच पंखात खुपसली. गावच्या देवीला जाऊन येतो, तुमचा फोटो मोठा करून लावतो, सिगरेट सोडली ती पुन्हा धरत नाही. काही नाही. फोन पुन्हा वाजला आणि शामरावांचा तोल सुटला.

"आबा, जाऊ द्या हो मला! इथे उभा राहिलो तर तो भोपाळचा साडू पुढे निघून जाईल!"

कावळा टाकीवरून थेट पानावर उतरला आणि त्याने खिरीत चोच घातली. वडासुद्धा उचलून नेला.

अंबिकाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "मामंजींचं पण त्यांच्या साडूशी कधी पटलं नाही," त्या म्हणाल्या. "रतलामला होते ना ते. मोठी हवेली होती त्यांची."

शामराव जेलरोडला पोचले तेव्हा मंडपाच्या तोंडाशी जोड्यांचा ढीग पडला होता. परवानगीत धार्मिक लिहिलेलं वाचून बंदोबस्ताच्या हवालदाराने सगळ्यांना जोडे बाहेर काढायला लावले होते. ढोल बंद, नाचगाणं बंद. माइकवाली मुलगी अनवाणी उभी राहून अत्यंत गंभीर आवाजात झुमाराची वैशिष्ट्यं वाचून दाखवत होती. पण मंडप खच्चून भरलेला होता! शाळा-कॉलेजातली पोरंपोरी कुठून कुठून आली होती. भोपाळच्या आधी, साऱ्या प्रदेशात सगळ्यात आधी, झुमारा त्यांच्या शहरात आला होता आणि तो हातात धरून बघता येत होता. प्रत्येकाला एकदा खेळायचं होतं, आणि एकदा खेळून झाल्यावर पुन्हा रांगेत उभं राहायचं होतं. शामरावांचा ऊर भरून आला. मग त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं. संजीवभिया गल्ल्यावर हनुवटी टेकून बसले होते.

"एक भी नहीं गया, भिया. सब खेल रिये हैं."

दुपार कलायला लागली तशा आया आपापल्या पोरांना न्यायला येऊ लागल्या. त्यांत शामरावांच्याच कॉलनीतल्या मधुरिमाताई होत्या. त्यांची पलक कंट्रोलर सोडायला तयार नव्हती.

"पलक, चल. घरी पाहुणे जेवायचे आहेत."

"मम्मी, घे ना हा. प्लीज."

"आज? आज तर सुई पण नाही घेत. पागल आहे का?"

"मग कधी?"

"उद्या. उद्या घट बसतील, मग बघू."

"बघू नाही. उद्या घेणार का? बोल. सगळ्यांसमोर बोल."

मधुरिमाताईंनी आजूबाजूला पाहिलं. घरी ब्राह्मण पानावर बसायचे होते. "हो बाई, उद्या घेऊ. आता चल."

तेच प्रत्येक रांगेत चाललं होतं. आज नको, उद्या. आज अमावस्या आहे, उद्या. कल पक्का, बेटा, कल. पोरं हळूहळू गेली, मंडप ओस पडला आणि हवालदारही आपले बूट शोधून घरी गेला. शामरावांच्या कानांत ते "उद्या" घुमत होतं. उद्या भोपाळ होतं. उद्याच्या गर्दीचा, उद्याच्या मुहूर्ताचा, उद्याच्या खुर्चीचा मालक साडू होता. रुचीचा मेसेज आला, "सेल्स ज़ीरो दिखा रहा है, सिस्टम में प्रॉब्लम है क्या?" शामरावांनी फोन उलटा ठेवला. मग यशवर्धनरावांचा फोन आला. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हळहळले.

"शामराव, मनाला लावून घेऊ नका. तुमचा स्टॉक उरला तर मला पाठवून द्या. इकडे खपवून टाकतो. आपण काय परके आहोत?"

हेवा, राग आणि खीर यांनी शामरावांना रात्रभर झोपू दिलं नाही. सकाळी ते घटासमोर अंबिकाबाईंच्या शेजारी नुसते बसले, हात जोडलेले आणि मन भोपाळात. देवीला त्यांनी काही मागितलं नाही, कारण जे मागावंसं वाटत होतं ते देवीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. आरतीच्या मध्यावर फोन वाजला.

"भिया, जल्दी आओ!" संजीवभिया ओरडत होते. "शटर नी उठाने दे रिये लोग!"

दुकानासमोर आया होत्या. नवरात्राच्या साड्या, कपाळाला ताजं कुंकू आणि चेहरे असे की जणू कोणीतरी त्यांना फसवून आणलंय. प्रत्येकीचा दंड एकेका पोराने धरलेला. सगळ्यात पुढे मधुरिमाताई.

"काय करू, जगदाळेजी," त्या दात आवळून म्हणाल्या. "एरवी साफ नाही म्हटलं असतं. पण अमावस्येच्या दिवशी, पितरांच्या पानावर, घेऊ बोलून बसले. माझ्या सासूबाईंनी रात्रभर छळलं. म्हणतात, आज बोललेलं मोडशील तर पितर कोपतील."

मागे हुंकार उठला. सगळ्यांच्याच सासूबाईंनी तेच म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी या बायकांनी तोंडावर नाही म्हटलं असतं. अमावस्येने त्यांना सोपी सबब दिली आणि त्या सबबीत त्या सापडल्या. दुपारच्या आत इंदूरचा स्टॉक संपला. बेटम्याहून आलेल्या एका बाईंना पुढच्या मालाची वाट बघावी लागली आणि त्यांनी मुलाला उद्याचं पुन्हा कबूल करण्याऐवजी दुकानातच ठाण मांडलं.

भोपाळला त्याच दिवशी मोठा समारंभ झाला. ढोल वाजले, फुलं उधळली, यशवर्धनरावांनी तलावासारखं संथ भाषण केलं. पोरांनी झुमारा पहिल्यांदाच पाहिला आणि आयांकडे मागितला. आयांसमोर अमावस्या नव्हती, त्यामुळे त्यांनी सरळ सांगितलं, "नाही." आणि सगळे घरी गेले.

रुचीचा व्हिडिओ कॉल आला. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. "सर, ये तो ब्रिलियंट है! पहले दिन सिर्फ़ ट्राय करवाया, सेल बिल्कुल नहीं, और दूसरे दिन पूरा स्टॉक क्लियर! आपने प्लॅन किया था?"

यशवर्धनराव त्यांच्या चौकोनात होते. त्यांच्या मागचा पडदा ओढलेला होता. शामरावांनी घसा साफ केला, चष्मा वर सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मालवे का बाज़ार समझना पड़ता है, मॅडम."

हाच नमुना पुढे सगळ्या देशात वापरायचं ठरलं म्हणे. आठवडा उलटायच्या आत शामराव झोनल हेड झाले. त्यांनी कॉलनीत पेढे वाटले, अप्पासाहेबांना दोन दिले, आणि पेढ्यांचा फोटो बेबीला पाठवायला अंबिकाबाईंना लावलं. इतकं गाढ सुख त्यांना शिवांगीच्या जन्मानंतर झालं नव्हतं. यशवर्धनरावांचा फोन आला आणि त्यांनी "साहेब" अशी हाक मारली. तो शब्द ऐकायला शामरावांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

मग हेड ऑफिसचं पत्र आलं. झोनल ऑफिस राजधानीत, म्हणजे भोपाळला राहील. शामरावांनी तिथे रुजू व्हावं. आणि इंदूरसारखी हुकमी बाजारपेठ नवख्याच्या हाती देता येत नसल्यामुळे तिथली जागा अनुभवी माणूस सांभाळील, श्री. यशवर्धन शितोळे.

शामराव भोपाळला गेले. फ्लॅट मिळाला तो मागच्या बाजूचा, त्यातून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. शहर चांगलं होतं, लोक अदबीने बोलायचे, फक्त ते भोपाळ होतं. थंडी पडली तशी महिन्याच्या आढाव्याची मीटिंग आली. आकडे पडद्यावर होते. इंदूर पहिलं, भोपाळ मागे. इंदूरच्या मॅनेजरचं कौतुक करणं आता शामरावांचं कामच होतं आणि त्यांनी ते केलं.

"थँक यू, साहेब," यशवर्धनराव म्हणाले. त्यांचं तोंड भरलेलं होतं. समोर कागदी द्रोणात थंडीतले खास इंदुरी, वाफाळते गराडू होते, कुरकुरीत तळलेल्या त्या कंदाच्या फोडींवर लिंबू पिळलेलं. मागे जेलरोडचे हॉर्न वाजत होते.

शामरावांनी आढावा मध्येच थांबवला.

"यशवर्धनराव," साहेबांनी विचारलं, "त्यावर आपला इंदूरचा जीरावन मसाला टाकलाय का?"

"हो, साहेब. भरपूर."

शामरावांनी कॅमेरा बंद केला आणि सगळ्यांना कळवलं की भोपाळचं नेटवर्क बरोबर नाही.